दारूबंदी मंडळाचा काळा संत

अर्नासे बेटावर फेरीबोटीतून उतरणारा पाहुणा पूर्वी दोनच गोष्टी विचारायचा. दारूची भट्टी कुठे आहे, आणि मुतारी कुठे आहे. गेल्या वसंतात तिसरा प्रश्न सुरू झाला. "काळा संत कुठे आहे हो?"

माझा पब धक्क्याला लागूनच असल्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर पडायची. मी पश्चिमेकडे हात करायचो. "सरळ रस्ता, बेट संपेपर्यंत. जिथे मेंढ्यांपेक्षा माणसं जास्त दिसतील तिथे थांबा."

आणि खरंच जास्त असायची. बेटाच्या पश्चिम टोकाला, कड्यावर, महिला दारूबंदी मंडळाचं जुनं प्रार्थनाघर आहे. चुन्यानं पांढरंधोप रंगवलेलं. त्याच्या बाजूच्या भिंतीवर एक काळी आकृती उमटली होती. खाली लांब झगा, वर रुंद खांदे, त्याच्यावर गोल डोकं. चेहरा नव्हता, पण भक्तांना चेहऱ्याची कधी अडचण पडत नाही. टोप्या हातात घेऊन लोक वाऱ्यात उभे असायचे. कोणी ओल्या गवतात गुडघे टेकायचं, कोणी भिंतीला रुमाल लावायचं. मुख्य भूमीवरून आलेल्या एका बाईनं असा काही हंबरडा फोडला की मेंढ्या उठून दुसऱ्या कुरणात गेल्या. तिचा रुमाल काळा झाला, तो तिनं बिस्किटांच्या डब्यात घालून नेला.

आता आम्ही अर्नासेकर म्हणजे धर्माच्या बाबतीत कर्मठ माणसं. चर्चमध्ये चित्र नको, मूर्ती नको, वाजंत्री नको, रविवारी तर दोरीवर कपडेही नकोत. संत वगैरे प्रकार दक्षिणेकडच्या बेटांवरच्या लोकांचे, असं आम्ही नाक मुरडून म्हणत आलो. मग ही मंडळी भिंतीपुढे गुडघे कशी टेकायला लागली? त्यावर तोडगा निघाला होता. "मूर्ती माणूस करतो. हा डाग आहे. डागापुढे गुडघे टेकायला बायबलात बंदी नाही." एवढं डोकं माणसानं कामाला लावलं असतं तर मला ही गोष्ट लिहावी लागली नसती.

प्रार्थनाघराच्या दारावर पाटी होती: रविवारी दर्शन बंद. आमच्याकडे चमत्कारालाही सुट्टी असते.

या सगळ्याचा पुजारी होता आयव्हर फाल्कनर. उंच, पिंगट दाढी, आवाज लोण्यासारखा. आजोबा इथलेच होते म्हणायचा. कोणाचे आजोबा, हे कोणाला नक्की सांगता आलं नाही. तीन वर्षांपूर्वी त्यानं मंडळाकडून ते रिकामं प्रार्थनाघर भाड्यानं घेतलं तेव्हा तो बोटी दुरुस्त करायचा. खालच्या खाडीतून बोट वर ओढायला त्यानं चरखी बसवली होती. बोटी फारशा दुरुस्त झाल्या नाहीत. मग भिंतीवर डाग उमटला आणि आयव्हर मिस्त्रीचा एका आठवड्यात ब्रदर आयव्हर झाला. चरखीवर कापड टाकलं, अंगावर पांढरा सदरा चढवला आणि बोलायला लागला.

"भगिनींनो! काळोख भिंतीवर उतरलाय, कारण उजेड अजून वाटेत आहे! ही छाया नाही, हा निरोप आहे! निरोप वाचायला डोळे लागत नाहीत, लागतं ते निर्मळ काळीज!"

याचा अर्थ काय, असं कोणी विचारलं की तो डोळे मिटून हसायचा. मलाही बिल जास्त झाल्याची तक्रार आली की असंच हसता यायला हवं.

भक्तांदेखत त्यानं दोनदा त्या आकृतीवर चुना फासला होता. "माणसाच्या हातानं पुसलं जातं का बघू!" महिन्या-दोन महिन्यांत आकृती पुन्हा तिथेच, त्याच मापाची. दुसऱ्या वेळी गर्दी दुप्पट झाली.

पण खरा महिमा भिंतीचा नव्हता, थेंबांचा होता. दर गुरुवारी दुपारी प्रार्थनेनंतर तो 'संताचे थेंब' द्यायचा. नाव थेंब, माप चहाचा कप. मध, आलं आणि समुद्री शेवाळ घालून उकळलेला तपकिरी काढा, त्यात ऐन वेळी पडद्यामागे जाऊन तो 'आशीर्वाद' मिसळून आणायचा. गुडघेदुखी जाते, छाती मोकळी होते, मन हलकं होतं. आणि त्याला एक कडक नियम होता. ज्या ओठांना आयुष्यात कधी दारू लागली नाही, त्याच ओठांना थेंब.

अर्नासेवर या नियमात बसणारा पुरुष शोधायचा तर पाळण्यात शोधावा लागेल. म्हणजे उरलं कोण? महिला दारूबंदी मंडळ. आणि मंडळाची अध्यक्ष माझी सख्खी थोरली बहीण, मर्डिना.

मर्डिनाताईबद्दल नीट सांगितलं पाहिजे, कारण ही गोष्ट तिच्या पायाची आहे.

आमचा बाप भट्टीत कामाला होता. पगार भट्टीतून आणायचा आणि भट्टीतच ठेवून यायचा. एका हिवाळ्यात घरी येताना धक्क्यावरून पाण्यात पडला. त्याच्या शवपेटीवर हात ठेवून ताईनं शपथ घेतली, जन्मात या पाण्याला शिवणार नाही. तेव्हा ती शाळेत होती. मी पाळण्यात होतो. मला तिनं वाढवलं, शिकवलं, आणि मी मोठा होऊन पब उघडला. ती माझ्याशी भांडली नाही. फक्त पबाच्या उंबऱ्याच्या आत तिनं कधी पाऊल टाकलं नाही. शनिवारी उकडलेले बटाटे आणि खारवलेलं हेरिंग झाकून आणायची, दारातून हाक मारायची, "डूगल, घे हे! आणि त्या घाणीतून बाहेर येऊन घे!" मी बाहेर जाऊन घ्यायचो.

अशी ही बाई थेंब घ्यायला लागल्यापासून बदलली. गुरुवारी संध्याकाळी मंडळाची व्हॅन परत येताना लांबूनच स्तोत्रं ऐकू यायची, नेहमीच्या दुप्पट वेगात. एफी मॅकफी, जिनं नवऱ्याच्या लग्नाच्या मागणीलाही जांभई दिली होती म्हणतात, ती एका मेंढ्याची आणि पाद्रीसाहेबांची गोष्ट सांगून खिदळायची. एकदा ताई व्हॅनमधून उतरली, भर रस्त्यात माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "डूगी, माझ्या बाळा, तू वाईट नाहीस रे." डूगी म्हणून तिनं मला चाळीस वर्षांत हाक मारली नव्हती. तिच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता, पण तो चर्चला जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाला असतोच, प्रवचन लांबलं की त्यांच्या पिशव्यांतून गोळ्या फिरतात. मला रडू आलं. म्हटलं, असू दे तो फाल्कनर भोंदू, माझी बहीण तर मला परत मिळाली.

ताईला साखर आहे. जुनी. त्या वसंतात तिच्या डाव्या पायाला जखम झाली आणि अंगठा काळा पडायला लागला.

आमच्या डॉक्टर रोना गिलिज ग्लासगोकडच्या. वय कमी, बोलणं सरळ. बेटावर त्यांची ओळख म्हणजे 'गाडी घासणारी डॉक्टरीण'. त्यांना घर मिळालं ते भट्टीच्या कोठाराशेजारी, आणि गाडी आणली पांढरी. कोठाराच्या आसपास जे काही उभं राहील ते काळं होतं. भिंती काळ्या, झाडांच्या फांद्या काळ्या, रस्त्याची पाटी काळी. त्याला आम्ही भट्टीचा मळ म्हणतो आणि त्याकडे बघतही नाही. या बाई मात्र दर शनिवारी ब्रश घेऊन गाडीवर तुटून पडायच्या आणि आम्ही पबाच्या खिडकीतून त्यांच्यावर पैजा लावायचो.

तर त्या ताईकडे आल्या तेव्हा मीही स्वयंपाकघरात होतो.

"मर्डिनाकाकू, हा अंगठा बघा."

"बघितलाय. माझाच आहे."

"मंगळवारच्या फेरीनं मोठ्या दवाखान्यात जायचं. मी फोन करून ठेवलाय."

"मी कुठेही जाणार नाही. मला दुखत नाहीये."

"दुखत नाही त्याचीच तर भीती आहे. आतल्या नसा मेल्यात. आत्ता गेलात तर एखाद-दुसऱ्या बोटावर भागेल. थांबलात तर पाय जाईल, गुडघ्यापासून. आणखी थांबलात तर तुम्ही जाल."

ताई हसली. शांत, प्रेमळ हसली, तेच मला बघवलं नाही. "पोरी, तुझं शिक्षण वाया गेलं नाही, पण ते इथे कामाचं नाही. ब्रदरनी पाहिलाय पाय. भिंतीवर जो काळा आहे, तोच माझ्या पायावर उतरलाय. खूण आहे ती. सुरीनं खूण कापायची नसते. थेंब पुरे."

"खूण आहे खरी," डॉक्टर म्हणाल्या. "पाय कुजतोय त्याची."

"डूगल, डॉक्टरीणबाईंना चहा दे आणि दार दाखव."

मी ताईच्या पाया पडायचा तेवढा बाकी होतो. भांडलो, ओरडलो, बापाची शपथ घातली. ती म्हणाली, "बापाची शपथ तू घालतोस? पबवाला?" मंगळवारची फेरी गेली, ताई गेली नाही. अंगठ्याशेजारचं बोटही निळं दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर माझ्या पबात आल्या. हाताची तर्जनी वर धरलेली, टोकाला काळं.

"प्रार्थनाघराकडे जाऊन आले," त्या म्हणाल्या. "संताला बोट लावलं."

"मग? पावला का?"

"पावला. आता मला सांगा डूगल, थेंब घेऊन आल्यावर तुमच्या ताई कशा वागतात? एकेक सांगा."

मी ग्लास पुसत सांगायला लागलो. "गाल लाल होतात. मोठ्यानं गाते. ज्याला त्याला मिठ्या मारते. जुन्या गोष्टी काढून रडते. मग खुर्चीतच घोरायला लागते. शुक्रवारी सकाळी डोकं धरून बसते, म्हणते दिव्याचा उजेड सहन होत नाही..."

बोलता बोलता माझा हात थांबला. ही लक्षणं मी वीस वर्षं याच काउंटरवरून विकत होतो, आणि स्वतःच्या बहिणीत मला ओळखू आली नाहीत. कारण तिच्याबाबतीत ती शंका घेणंसुद्धा पाप वाटलं असतं. फाल्कनरनं भांडवल केलं ते याच गोष्टीचं.

"मी आत्ता जाऊन त्याचं मुंडकं पिरगाळतो," मी म्हणालो.

"पिरगाळा, तो हुतात्मा होईल. आणि ताई त्याच्या थडग्यावर थेंब प्यायला बसतील. तुमच्या-माझ्या सांगण्यानं काही होणार नाही. त्यांना स्वतःला दिसलं पाहिजे. हवालदार यूइन कुठे भेटेल?"

यूइन हा बेटावरचा सबंध पोलीस विभाग. त्याला योजना सांगितल्यावर तो घामाघूम झाला. "डॉक्टर, मंडळाची व्हॅन कोण चालवतं माहीत आहे का? एफी मॅकफी. माझी सासू आहे ती!"

"म्हणूनच जास्त काळजी घ्यायला हवी," डॉक्टर म्हणाल्या. "पीत असेल तर."

"माझी सासू पीत असेल तर मी माझी टोपी खाईन."

"मीठ आणू का?" मी विचारलं.

गुरुवार उजाडला. फेरीबोटीतून दोन बसगाड्या भरून पाहुणे आले होते. भिंतीपुढे गर्दी, कोणाच्या हातात फुलं, कोणाच्या हातात कुबड्या. मी कोठाराचा मुकादम हेक्टर याला ओढून नेलं होतं. प्रार्थना संपली, थेंब झाले, मंडळाच्या बायका लाल गालांनी बाहेर आल्या. ताई काठी टेकत, लंगडत, पण हसत. एफी व्हॅनच्या स्टिअरिंगपाशी बसली, किल्ली फिरवली, आणि यूइन आडवा आला. कानापर्यंत लाल झालेला.

"सासूबाई... म्हणजे, मॅडम. नेहमीची तपासणी आहे. यात फुंका."

"काय आहे हे?"

"दारू प्यायलेल्यांना पकडायचं यंत्र."

एफीनं त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्याच्या संसाराची काळजी वाटली. "यूइन, तुझ्या लग्नात मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते. फुंकते. आणि मग तुझ्या बायकोला सांगते."

तिनं फुंकलं. यंत्र किंचाळलं. लाल दिवा लागला.

"बिघडलंय!" एफी म्हणाली.

"बिघडलंच असणार!" मागून आवाज उठला. "मला द्या!" "आण इकडे!" एकेक बाई सरसावली. प्रत्येकीला यंत्र खोटं पाडायचं होतं. नवीन नळी लाव, फुंक, किंचाळी. नवीन नळी लाव, फुंक, किंचाळी. पाहुण्यांनी संताकडे पाठ फिरवली आणि इकडे येऊन उभे राहिले. शेवटी ताईनं काठीनं वाट केली, यंत्र यूइनच्या हातातून हिसकावलं आणि असं फुंकलं की बिगूल वाजावा. आकडा सगळ्यांत मोठा तिचाच आला. अध्यक्ष म्हणून तिला कप भरून मिळायचा ना.

"आता तू फुंक!" ताई माझ्यावर खेकसली. "हा पबवाला फुंकू दे! कळू दे यंत्राची लायकी!"

मी फुंकलं. हिरवा दिवा. शून्य. यूइननं फुंकलं, शून्य. गर्दीत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

ताईच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हललं. पण फाल्कनर एवढ्यानं हरणारा नव्हता. दोन्ही हात पसरून तो पुढे आला.

"भगिनींनो, घाबरू नका! हे यंत्र पाप मोजतं! या बेटावर घरोघर जे पाप पुरुषांनी प्यायलं, ते थेंबांनी तुमच्या पवित्र देहात ओढून घेतलंय! तुम्ही प्यायला नाहीत, तुम्ही शोषून घेतलंत! पाहा, हा पबवाला! त्याचं पाप बहिणीनं घेतलं, म्हणून तो शून्य!"

आणि सांगतो काय, माना डोलायला लागल्या. कुबडीवाल्या गृहस्थांनी "आमेन" म्हटलं. एफीनं निःश्वास सोडला. ताईनं माझ्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल केवढी दया होती! वाटलं, गेला पाय.

डॉक्टर मात्र शांत होत्या. "बरं, यंत्र राहू दे," त्या म्हणाल्या. "हेक्टर, इकडे या. ही माझी गाडी. या पत्र्यावर हे काळं काय आहे?"

हेक्टर म्हणजे चाळीस वर्षं पिंपांत राहून पिंपाइतकाच बोलणारा माणूस. "भट्टीचा मळ."

"बोटानं पुसा. आता तेच बोट या भिंतीवरच्या झग्याला लावा. हे काय आहे?"

हेक्टरनं बोट लावलं, चोळलं, हुंगलं. मग कसनुसा होऊन म्हणाला, "भट्टीचा मळ."

"संताला मळ म्हणतोस!" कोणीतरी ओरडलं.

"मळच आहे," हेक्टर म्हणाला. "जन्मभर बघतोय. इथे बघितला तेव्हा ओळखला नाही, बस."

"हा मळ वाढतो कशावर?" डॉक्टरांनी विचारलं.

हे अर्नासेवरचं शेंबडं पोरही सांगेल. माल्ट, म्हणजे आमच्या भट्टीची व्हिस्की, ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरत पडतो, तेव्हा त्यातला थोडा थोडा लाकडातून उडून जातो. आमचे म्हातारे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. देवदूतांपर्यंत किती पोहोचतो माहीत नाही, पण वाटेत एक काळी बुरशी टपून बसलेली असते, ती त्या वाफेवर जगते. जिथे पिंपं, तिथे बुरशी.

"पण भट्टी बेटाच्या त्या टोकाला," डॉक्टर म्हणाल्या, "आणि वारा वर्षभर इकडून तिकडे वाहतो. मग इथल्या बुरशीला दारू कोण पाजतंय?"

हेक्टरचे ओठ हलत होते. मला कळलं तो काय आठवतोय, कारण तेच मलाही आठवलं. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यातल्या वादळात समुद्रानं जुन्या कोठाराची भिंत फोडली होती. जवळपास तीस वर्षं मुरलेल्या माल्टची चार पिंपं पाण्यात गेली. दोन सापडली, दोन समुद्रात बुडाली असं ठरलं. त्या दोघांसाठी आम्ही पबात उभं राहून शांतता पाळली होती. माझ्या पबात एवढी शांतता कोणा माणसासाठी पाळल्याचं मला आठवत नाही.

आणि भरलेलं पिंप बुडत नाही. तरंगतं. खाडीत लागतं. तिथून चरखीनं वर ओढता येतं.

"भगिनींनो, आतली जागा पवित्र आहे!" फाल्कनर दाराकडे सरकला. "पडद्यामागे कोणीही..."

"बाजूला हो," ताई म्हणाली.

आवाज चढवलेला नव्हता. तिनं झग्याच्या खिशातून किल्ली काढली. प्रार्थनाघर मंडळाचं, दुसरी किल्ली अध्यक्षांकडे, हे फाल्कनर विसरला असेल. आम्हीही विसरलो होतो. काठी टेकत, तो काळा पडलेला पाय ओढत ती आत गेली. मागून आम्ही. तिनं पडदा धरला आणि ओढला.

दोन पिंपं भिंतीला टेकून बसली होती. एकाच्या फळ्या वादळात सैल झालेल्या, पाझरून लाकूड ओलं. झाकणावर आमच्या भट्टीचा शिक्का. बाजूला रबरी नळी, किटली, आणि पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी. पिंपांच्या मागे जुनी उभी फटीसारखी खिडकी होती, फळ्या मारून बुजवलेली. तिच्यावर छताजवळ गोल झरोका. दारूची वाफ या दोन भोकांतून बाहेर जायची. लांब खिडकीपाशी बुरशीचा झगा झाला, झरोक्यापाशी डोकं. चुना कितीदाही मारा, आतून जेवण चालू होतं तोवर संत परत येणारच होता.

फाल्कनरचा लोण्यासारखा आवाज फाटला. "मी नाही सुरू केलं हे! भक्त यायच्या आधी मी एकट्यानंच चुना मारला होता, डाग लपवायला! तो पुन्हा उमटला, आणि एक दिवस बाहेर आलो तर ही बाई गुडघे टेकून बसली होती! मी काय करायचं होतं?"

"खरं आहे," ताई म्हणाली. "पहिली मीच होते."

त्यानं चमत्कार केला नव्हता, नुसता 'हो' म्हणाला होता. पिंपं लपवली याबद्दल आमच्या बेटावर त्याला कोणी नावं ठेवली नसती, उलट मलाच का नाही सापडली म्हणून लोक हळहळले असते. पण नळीच्या टोकाशी तो माझ्या बहिणीच्या पायाचा निकाल लावत बसला होता, आणि ते त्याला माहीत होतं. त्याबद्दल मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

ताई पिंपापाशी गेली. ओल्या लाकडावर तळहात ठेवला. बापाच्या पेटीवर ठेवला होता तसाच असेल. मला वाटलं, आता कोसळेल. ती वळली आणि म्हणाली, "एफी, मला धर. डॉक्टर, फेरी किती वाजता आहे?"

मंगळवारची फेरी नव्हे, तासाभरात सुटणारी पाहुण्यांची फेरी. डॉक्टरांनी गाडी काढली, तीच, काळ्या डागांची. ताई मागे बसली, मी शेजारी. रस्ताभर ती एवढंच म्हणाली, "डूगल, मी शपथ मोडली रे." मी म्हटलं, "तू नाही मोडलीस, त्यानं मोडवली." ती खिडकीबाहेर बघत रडत राहिली, आणि मीही.

डाव्या पायाची दोन बोटं गेली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाल्या, आणखी दोन गुरुवार गेले असते तर पायच गेला असता. फाल्कनरवर खटला झाला तो पिंपांचा. सरकारचा अबकारी कर बुडवल्याबद्दल शिक्षा झाली. पायाबद्दल कायद्यात रकाना नव्हता, कारण ताई थेंब प्यायला आपल्या पायांनी गेली होती. यूइननं टोपी खाल्ली नाही, पण सासूनं ती त्याला कित्येक महिने घालू दिली नाही.

पिंपं भट्टीत परत गेली, भिंतीला चुना लागला. संत पुन्हा उमटलेला नाही. दारू बंद झाल्यावर निघून गेलेला हा आमच्या इतिहासातला पहिलाच संत. अजूनही एखादा पाहुणा बिस्किटांचा डबा घेऊन येतो आणि विचारतो. मी त्याला भट्टीच्या कोठाराकडे पाठवतो. म्हणतो, तिथे अख्खी भिंत संतांनी भरलेली आहे, हवे तेवढे रुमाल काळे करून घ्या.

पानगळीच्या सुमारास एका शनिवारी दारातून नेहमीची हाक आली नाही. मी मान वर केली तर ताई उंबऱ्याच्या आत उभी होती. बुटात लोकर भरलेली, हातात काठी. पब असा गप्प झाला की हेक्टरचं गिळणंही ऐकू आलं.

"मी प्यायला आलेले नाही," तिनं सगळ्यांना सांगितलं. "डूगल, त्या पिंपांतली आहे का तुझ्याकडे?"

भट्टीनं त्यातली एक बाटली मला दिली होती. मी बोटभर ओतली, ग्लास तिच्यापुढे ठेवला. तिनं तो उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटून खोल वास घेतला. धूर, शेवाळ, दवाखाना. मग ग्लास खाली ठेवला, तसाच भरलेला.

"हेच ते," ती म्हणाली. "आयुष्यभर मी ज्याच्याशी लढले, त्याचा वास कसा असतो हेच मला माहीत नव्हतं. म्हणून त्या फाल्कनरला मला पाजता आलं. उरलेली बाटली दे. मंडळाची सभा आहे सोमवारी."

सोमवारच्या सभेला मी बाहेर खिडकीशी उभा होतो, आत मला बंदी आहेच. ताईनं त्या बाटलीतली बोटभर ग्लासात ओतली आणि तो ग्लास एकेका बाईच्या नाकाखालून फिरवला. एफीनं नाक वळवलं तर ताईनं काठी आपटली. "वास घे! भिऊ नकोस, वासानं शपथ मोडत नाही. न बघता, न विचारता जे गिळलं, त्यानं मोडली."

मग ती बोलली. तिच्याइतकं नीट मला सांगता येणार नाही, म्हणून तिचंच सांगतो.

"बायांनो, तो म्हणाला ज्यांनी दारू चाखली नाही त्यांनाच थेंब. आम्हाला वाटलं, हा आमचा मान आहे. मान नव्हता तो. ज्याला चव माहीत आहे असा एकही माणूस त्या कपाजवळ येऊ नये, एवढ्यासाठी ती अट होती. तेव्हा यापुढे कोणीही तुम्हाला म्हणालं की हे फक्त निर्मळ लोकांना दिसतं, हे फक्त विश्वास असणाऱ्यांना लागू पडतं, याला डॉक्टरची नजर लावू नका, तर तिथल्या तिथे डॉक्टरला हाक मारा. पबवाल्याला बोलवा. माझ्या भावाला बोलवा, तो बाहेर खिडकीशी उभा आहे, मला दिसतोय. देवावर विश्वास ठेवायचा तर ठेवा, मी ठेवते. पण कपात काय आहे, ते आधी विचारा."

तिनं ग्लास मोरीत ओतला आणि मला खिडकीतून म्हणाली, "डूगल, उभा काय राहिलायस? आत ये, चहा झालाय."